बॅटरी दुसऱ्याने बनवली, ब्रँड आपला, मग ती परत गोळा करायची जबाबदारी कुणाची?

दिवाबत्ती:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण नीट सांगतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. आमचं छोटं युनिट आहे, रिचार्जेबल इमर्जन्सी लॅम्प बनवतो. बॉडी, सर्किट आमचं, आतला लिथियमचा पॅक मात्र दुसऱ्याकडून तयार घेतो आणि खोक्यावर नाव आमचं. मागच्या आठवड्यात वॉरंटीत परत आलेल्या लॅम्पची खोकी उघडत होतो, त्यात तिघांचे पॅक इतके फुगलेले की मागच्या झाकणाचे स्क्रू उखडून आलेत, आणि एकाच्या पाऊचला कडेला बारीक चीर पडून गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता. आमच्याकडचा पोरगा ते सगळं सरळ कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकायला निघाला होता, मी ओरडलो म्हणून थांबला. त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही.

पॅकवाल्याला फोन केला तर म्हणे माल दिला, पैसे मिळाले, पुढचं तुमचं तुम्ही बघा. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला शिशाची असेल तर आणा, ही नको. आता बॅटरीचे २०२२ चे नियम आहेत एवढं माहीत आहे, पण त्यात "प्रोड्यूसर" म्हणजे नक्की कोण? पॅक बनवणारा की मी? आणि हे तीन फुगलेले पॅक आज कुठे ठेवू?

फायलीतला_माणूस:
दिवाबत्ती, प्रोड्यूसर तुम्हीच. गेली काही वर्षं कंपन्यांचं हेच कागदपत्रांचं काम करतोय, आणि दर दुसरा माणूस इथेच अडखळतो, कारण प्रोड्यूसर म्हटलं की डोळ्यांपुढे फॅक्टरी येते. नियमात तसं नाहीये. जो स्वतःच्या ब्रँडखाली बॅटरी विकतो तो प्रोड्यूसर, मग ती त्याने स्वतः बनवलेली असो नाहीतर दुसऱ्याकडून बनवून घेतलेली, आणि सुटी असो नाहीतर एखाद्या वस्तूच्या आत बसवलेली. बाहेरच्या देशातून बॅटरी किंवा बॅटरी असलेली वस्तू आयात करणारा सुद्धा त्यातच येतो. तुमच्या लॅम्पवर नाव तुमचं, म्हणजे विषय संपला.

आधीचे २००१ चे नियम फक्त लेड-ॲसिडपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये जे आले त्यात सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या: पोर्टेबल, गाड्यांच्या, इंडस्ट्रियल आणि ईव्हीच्या. तुमची पोर्टेबलमध्ये बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, म्हणजे सीपीसीबीच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन करावं लागतं, दरवर्षी ३० जूनपर्यंत प्लॅन आणि रिटर्न भरायचा असतो. किती बॅटऱ्या रीसायकल व्हायला हव्यात याचं टार्गेट वजनावर असतं आणि ते आधीच्या वर्षांत तुम्ही बाजारात किती किलो आणलं त्यावरून निघतं, कारण आज विकलेला पॅक काही वर्षांनीच भंगारात येणार. म्हणून विक्रीचा हिशोब नगांत नको, किलोत ठेवायला आजच सुरुवात करा. मागच्या वर्षांची वजनं नंतर शोधत बसणं म्हणजे फार डोकेदुखी, माझे निम्मे दिवस त्यातच जातात.

गोळा झालेलं सगळं रीसायकलिंगला किंवा रीफर्बिशिंगला, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरायला, जायला हवं, जमिनीत पुरणं किंवा जाळणं बंद. रीसायकलर राज्याच्या मंडळाकडे रजिस्टर्ड हवा, तो धातू काढतो आणि त्यावर ईपीआर (प्रोड्यूसरवरच्या या जबाबदारीचं इंग्रजी लघुरूप) सर्टिफिकेट तयार होतं, ते घेऊन तुम्ही तुमचं टार्गेट भरता. कमी पडलं तर पर्यावरण भरपाई. आणि भरपाई भरली म्हणजे सुटलो असं अजिबात नाही हां, राहिलेलं टार्गेट पुढे ३ वर्षांपर्यंत डोक्यावर राहतं. वर्षाच्या आत पूर्ण केलंत तर ७५% रक्कम परत मिळते, दोन वर्षांत ६०%, तिसऱ्या वर्षी ४०%.

काळी_पावडर:
आधी त्या तीन पॅकचं बघा, कागद नंतर. मी लिथियम रीसायकलिंगच्या प्लांटवर कामाला आहे, आमच्याकडे माल उतरवताना सगळ्यात जास्त भीती याचीच असते.

फुगलेला पॅक दाबायचा नाही, टोचायचा नाही, गॅस काढून बघू वगैरे तर मुळीच नाही, आणि चालतोय का म्हणून चार्जिंगला लावायचा नाही. दोन्ही वायरी एकदम कापू नका, एकाच कटरमध्ये दोन्ही आल्या की तिथेच शॉर्ट. आधी एक कापा, तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप, मग दुसरी, तिलाही टेप. चीर पडलेल्याला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. मग प्रत्येक पॅक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत आणि कोरड्या वाळूच्या बादलीत एकमेकांना न लागता. बादली पुठ्ठ्याच्या खोक्यांजवळ नको, उन्हात नको. आणि आठवड्यात हलवा, महिनोन्‌महिने साठवत बसू नका. बाकी त्या पोराला तुम्ही अडवलंत ते फार चांगलं केलंत, कचऱ्याच्या गाडीत माल दाबला जातो तेव्हा असाच एखादा पॅक चेपून पेट घेतो.

दुसरं, आमच्याकडे काय होतं ते सांगतो म्हणजे तुमच्या हातात काय आहे ते कळेल. आधी डिस्चार्ज, मग श्रेडर. त्यातून तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पत्री वेगळी होते, प्लास्टिक वेगळं होतं आणि उरते ती काळी पावडर, ब्लॅक मास म्हणतात तिला. ग्राफाइट, लिथियम, आणि सेल ज्या प्रकारचा असेल त्याप्रमाणे कोबाल्ट, निकेल, मँगनीज सगळं त्यात. ती ॲसिडमध्ये विरघळवून एकेक धातू काढतात. आता गोची अशी की एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या सेलमध्ये कोबाल्ट पण नाही आणि निकेल पण नाही, त्यामुळे त्यातून मिळकत कमी, म्हणून असा माल घ्यायला कुणी धावत येत नाही. भंगारवाला तुम्हाला नको म्हणाला त्याचं कारण हेच, शिसं वितळवून लगेच विकता येतं, याचं तो काय करणार? आमच्याकडे वरचं कव्हर काढलेले पॅक येतात, आत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला सेल) आहे की एलएफपी काहीच कळत नाही, सगळं मिसळतं आणि पावडरीची प्रत घसरते. तुमच्या पॅकवर केमिस्ट्री ठळक छापून घ्या. एवढ्याने आमचं केवढं काम हलकं होतं!

सुटे_सेल:
फायलीतला माणूस म्हणतो ते बरोबर आहे पण मला यात एक गोष्ट खूप खटकते म्हणून लिहितेय. सर्टिफिकेटने तुमचं टार्गेट भरतं, पण तुमच्या ग्राहकाच्या कपाटात पडलेला लॅम्प त्याने परत येत नाही. कुठल्यातरी दुसऱ्याच बॅटऱ्यांचे धातू निघाले, त्यावरचं सर्टिफिकेट तुम्ही घेतलंत, कागद पूर्ण. नियमाने चालतं. पण रिमोटमधले सेल, घड्याळातला बटन सेल, हे कोण आणून देतंय? सीआर२०३२ घ्या, २० मिलिमीटरचं ते नाणं, वजन जेमतेम ३ ग्रॅम. किलोच्या हिशोबात त्याला किंमतच नाही, आणि लहान मुलाने गिळलं तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम होते. वजनात मोजलं की जड तेवढंच दिसतं.

युरोपात निदान गोळा किती केलं हे वेगळं मोजतात. तिथल्या २०२३ च्या नियमात पोर्टेबल बॅटऱ्यांचं कलेक्शन २०२७ अखेर ६३% आणि २०३० अखेर ७३% व्हायला हवं असं लिहिलंय, आणि काढलेल्या धातूंचं टार्गेट त्याच्या शेजारी स्वतंत्र आहे. माझ्या मते आपल्याकडे सुद्धा हे दोन आकडे वेगवेगळे दिसायला पाहिजेत.

दिवाबत्ती, तुम्ही कागद भराच, पण ग्राहकाला परत द्यायची वाट पण करून द्या. आपल्या नियमात बाय-बॅक, डिपॉझिट असल्या योजना प्रोड्यूसरला चालवता येतात.

फायलीतला_माणूस:
ताई, मान्य. सर्टिफिकेट म्हणजेच कलेक्शन असं समजणारे क्लायंट मी रोज बघतो आणि मलाही ते पटत नाही. आणखी एक, त्यांना पुढे लागणार आहे म्हणून: पोर्टेबल बॅटरीत रीसायकल केलेलं मटेरियल २०२७-२८ पासून किमान ५% आणि वाढत वाढत २०३०-३१ ला २०% असं बंधन आहे. म्हणजे आज जे परत येणार नाही तेच उद्या मटेरियल म्हणून शोधावं लागणार. पॅकवाल्याशी पुढचा करार करताना हे लेखी घ्या, नाहीतर तेव्हाही तो "तुमचं तुम्ही बघा" म्हणेल.

काळी_पावडर:
आणि पॅक चिकटवता कशाने? आमच्याकडे येणाऱ्या लॅम्पमध्ये गरम गोंदाचा लगदा असतो, तो खरवडताना सेलला स्क्रूड्रायव्हर लागतो. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून पोर्टेबल बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यायला हवी असा नियम लागू होतोय. तुम्ही आत्ताच दोन स्क्रू आणि एक कनेक्टर दिलात तर पॅक बदलून लॅम्प आणखी चालेल, आणि जुना पॅक अख्खा परत येईल.

दिवाबत्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच वायरी एकेक करून कापल्या, टेप लावली, बादली मागच्या शेडमध्ये वेगळी ठेवलीय आणि पोराला शेजारी उभं करून प्रत्येक गोष्ट दाखवली. रजिस्टर्ड रीसायकलरशी बोलणं झालंय, परवा उचलतो म्हणालाय, सोबत वॉरंटीतले बाकीचे पॅक पण देतोय. एका पॅकचं वजन काट्यावर केलं, ९४ ग्रॅम भरलं, आता जुनी बिलं काढून नगांवरून किलो काढत बसलोय.

गोंदाचं वाचून एक लॅम्प उघडून बघितला, अगदी तसाच लगदा निघाला. साच्यात स्क्रूसाठी दोन बॉस, म्हणजे स्क्रू बसायच्या खुंट्या, घालायला सांगितलेत. ग्राहकासाठी असं डोक्यात आहे की जुना पॅक आणला की नवीन पॅकवर सूट, पण मग पोस्टाने, कुरियरने कुणी फुगलेला पॅक पाठवला तर? ते धोक्याचं वाटतं. ग्राहकाकडून दुकानात आणि दुकानातून आमच्याकडे हा प्रवास कुणी नीट बसवला असेल तर सांगा, दुकानात ठेवायचा डबा कसला असावा इथपासून.