अनुभव धागा: मान, पाठ आणि अडकलेला श्वास

अबोली:
दसऱ्याची आवराआवर चाललीय. आज माळा काढला तर जुन्या स्वेटरांच्या पिशवीत माझा मानेचा पट्टा सापडला. फोम पिवळा पडलाय पण बामाचा वास अजून तसाच. हातात घेतला आणि मान आपोआप ताठ झाली बघा, अकरा वर्षं झाली तरी. म्हणून धागा काढतेय, तुम्ही पण लिहा.

तेव्हा मी शिवाजीनगरला एका सीएंच्या ऑफिसात होते, धायरीहून स्कूटीवर जाऊन येऊन. सप्टेंबर म्हणजे ऑडिटचे दिवस, दहा-दहा तास खुर्ची सुटायची नाही. आधी नुसती मान अवघडायची, मग उजव्या पात्याच्या आतल्या बाजूला एक जागा अशी जळायला लागली की कुणी निखारा ठेवलाय. आणि एक दिवस पार्किंगमधून गाडी मागे घेताना मान वळेचना, वॉचमनकाकांनी गाडी काढून दिली. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, एक्सरे झाला, जो तो म्हणे गॅप आलाय.

मग एका फिजिओबाईंकडे गेले. त्यांनी आधी मान बघितलीच नाही. म्हणाल्या आडव्या व्हा, एक हात छातीवर एक पोटावर, आणि नेहमीसारखा श्वास घ्या. छातीवरचा हात वरखाली होतोय, पोटावरचा जागचा हलेना. मोठा श्वास घ्या म्हणाल्या तर पोट आत आणि दोन्ही खांदे कानाला. मग त्यांनी माझंच बोट धरून मानेच्या बाजूला, कॉलरबोनच्या जरा वर ठेवलं, आता घ्या म्हणाल्या. बोटाखाली वाळत घालायच्या दोरीसारखं काहीतरी टणक उभं राहिलं. "हे स्नायू जिना चढताना, बस पकडताना मदतीला यायचे, तुम्ही त्यांना दिवसभर जुंपलंय. मिनिटाला पंधरा श्वास धरा, दिवसाचे एकवीस हजार सहाशे होतात. मान दुखणार नाही तर काय होईल?"

आणि म्हणाल्या उद्या ऑफिसात लक्ष ठेवा, आकडे मारताना श्वास चालू असतो का. नसायचा हो! बेरीज जुळेपर्यंत धरलेला असायचा, एंटर मारला की सुटायचा. मला त्या दिवशी रडूच आलं, इतकी वर्षं आपण असे जगतोय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

नुसत्या श्वासानं बरं झालं असं नाही म्हणत मी. स्क्रीनखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवून ती डोळ्यांसमोर आणली, दर अर्ध्या तासानं उठायला लागले, खांद्याचे व्यायाम केले. तीन महिने गेले. पण सुरुवात त्या बोटापासून झाली.

कर्दळ:
आत्ता हे वाचताना श्वास धरला होता 😮 सोडला. वाचतेय, लिहिते नंतर, दूध ठेवलंय गॅसवर.

टेकडीवर:
माझं कंबरेचं. २०१९. नळाला पाणी नव्हतं, बादली उचलली आणि उसण भरली, तसाच अर्धा वाकलेला राहिलो, बायकोनं धरून आत नेलं. एमआरआय काढला, रिपोर्टात "बल्ज" (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलीय) वाचून मी आठ दिवस अंथरुणातून उठलो नाही, मुलाला उचलणं बंद, शिंक आली तरी घाबरायचो. डॉक्टर भले होते, म्हणाले तुमच्या वयाच्या दहा माणसांचे एमआरआय काढले, ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशांचे, तरी त्यातल्या कित्येकांना बल्ज दिसेल, तुम्ही उठा आणि चाला. पहिले दिवस सोसायटीच्या गेटपर्यंत. मग सारसबाग. दोन महिन्यांनी पर्वती चढलो, १०३ पायऱ्या मोजत, वर जाऊन बसलो तेव्हा सगळं पुणं खाली आणि मला हुंदका आला. अजून दर रविवारी जातो.

पोळपाट:
मी पोळीभाजी केंद्र चालवते कोथरूडला, सकाळी दीडशे-दोनशे पोळ्या माझ्या एकटीच्या हातून जातात. कंबर मोडायची अगदी, आणि मी समजायचे बायकांचं दुखायचंच, आई पण कण्हायची, सासू पण. भाड्याच्या जागेतला ओटा, आधीच्या माणसाच्या उंचीचा, मला बुटका, मग दिवसभर वाकून. एका गिऱ्हाईक ताईंनी सांगितलं एक पाय पाटावर ठेवा आणि दर वीस पोळ्यांनी पाय बदला. लग्नातला पाट आणून ठेवला. खोटं नाही सांगत, आठवड्यात फरक. मग ओट्यावर जाड फळी टाकून पोळपाट चार बोटं उंच घेतला. अबोलीताई तुमचं वाचून आज बघितलं, लाटताना दर पोळीला दात आवळून श्वास रोखते मी! तव्यावर टाकली की सोडते. उद्यापासून लाटताना सोडून बघते.

निर्गुडी:
फिजिओ आहे, ओपीडी संपवून लिहितेय, चुका समजून घ्या.

पोळपाटताई, अगदी बरोबर पकडलंत. जोर लावताना श्वास सोडायचा, बादली उचलताना पण, कणीक मळताना पण.

मानेत सात मणके, पाठीत बारा, कमरेत पाच. अबोलीच्या बोटाखाली जे आलं ते मानेच्या मणक्यांपासून वरच्या दोन बरगड्यांपर्यंत जाणारे स्नायू. छातीनंच श्वास घेतला की ते दर श्वासाला बरगड्या वर ओढतात. आपलं डोकं साधारण पाच किलोचं, ते मोबाइलकडे झुकलं की मागचे स्नायू त्याला धरून ठेवतात, आणि पुढचे श्वास ओढत असतात. दोन्हीकडून ओढाताण.

आणि कंबर म्हणाल तर श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छाती-पोटामधला पडदा, डायफ्रॅम, त्याचे मागचे पाय कमरेच्या वरच्या मणक्यांना धरलेले आहेत. पडदा खाली उतरतो तेव्हा पोटात जो दाब तयार होतो तो कमरेला आतून टेकू देतो. म्हणून पेशंटला मी नुसतं पोट फुगवा असं सांगत नाही, हात खालच्या बरगड्यांवर ठेवायला लावते, बाजूला आणि मागेसुद्धा उघडलं पाहिजे, नवी छत्री हळू उघडते तसं.

"गॅप आलाय" या शब्दानं मात्र माझे पेशंट फार घाबरतात. खरं तर मणक्यांमधली गादी वयाप्रमाणे पातळ होते, म्हणजे जागा कमी होते, वाढत नाही. केस पिकतात तसंच. गादी पातळ आहे म्हणून दुखेलच असं नाही आणि दुखतंय म्हणजे तेच कारण असंही नाही. बहुतेकांची उसण काही आठवड्यांत बसते, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका, पट्टा महिनोन् महिने घालू नका.

पण हे झालं तर धागे वाचत बसू नका, थेट दवाखाना: लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली किंवा हातातली शक्ती कमी होत जाणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं. आणि छातीत दाब येऊन मान, जबडा, डावा हात दुखत असेल तर ते मानेचं आहे असं स्वतः ठरवू नका.

ढोलाची_दोरी:
निर्गुडीताई 🙏 सेव्ह केलं. मी पथकात आहे. ढोल कमरेला बांधतात हे बघणाऱ्यांना माहीत असतं पण तो पुढे ओढतो आणि आपण तोल सांभाळायला मागे झुकतो हे वाजवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षी नदीकाठच्या सरावालाच कंबर गेली, मी कुणाला बोलले नाही, मुलगी म्हणून ढोल काढून घेतील आणि ताशावर टाकतील अशी भीती. विसर्जनाच्या मिरवणुकीत शेवटी श्वासच लागेना, उथळ उथळ. पथकातल्या एका दादाच्या लक्षात आलं, त्यानं ढोल सोडला, पाणी दिलं, म्हणाला आधी फुंकर घाल लांब, मग बोलू. नंतर त्यानंच बांधायची पद्धत बदलून दिली, कमरेला जाड कापड, गाठ ओटीपोटावर न घेता हाडावर, आणि दर आवर्तनाला टिपरू खाली येताना श्वास बाहेर. अजून वाजवते. ढोलच.

कर्दळ:
@ढोलाची_दोरी शाब्बास गं. कुठलं पथक विचारत नाही पण लक्ष्मी रोडला उभी असते मी दर वर्षी, पाणी घेऊन.

पिंपळपान:
उसण म्हणलं की आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातल्या पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) काकू आठवतात. कुणाचीही पाठ धरली की त्यांच्याकडे. त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या, माणूस पाठमोरा, आणि पायानं हलकेच टेकवल्यासारखं करायच्या. पण त्याआधी म्हणायच्या "श्वास सोड रे आधी, धरून काय ठेवलायस". माझ्या वडलांना मी तसं पाठमोरं उभं पाहिलंय, सहा फूट माणूस. आता वाटतं उसण तिच्या वेळेनं जाणारच होती, पण त्या एका वाक्यानं खांदे उतरायचे ते मी डोळ्यांनी बघितलंय.

टेकडीवर:
माझी आजी पायाळू होती! तिला दुसऱ्या गल्लीतून बोलावणं यायचं. नंतर चहा पोहे. तो वाडा कुठला हो, मोदी गणपतीजवळ?

पिंपळपान:
हो त्याच बाजूला. आता बिल्डिंग झाली. काकू पण गेल्या.

सावली:
बाबांबद्दल लिहू का इथे? त्यांना सीओपीडी होता, फुफ्फुसांचा जुनाट आजार, सारखा दम लागायचा. मान आणि खांदे कायम दगडासारखे, आम्ही तेल लावून चोळायचो, रात्र रात्र. तेव्हा कळलं नाही की ती मान दिवसरात्र त्यांचा श्वास ओढत होती. पुढे हॉस्पिटलात एका मुलीनं त्यांना शिकवलं, नाकानं घ्या, ओठांचा चंबू करून चहा निववतो तशी हळू फुंकर घाला, घेण्याच्या दुप्पट वेळ सोडण्याला. आणि दम लागला की टेबलावर कोपर टेकून पुढे झुकून बसायचं. शेवटची दोन वर्षं ते खिडकीत तसेच बसायचे, बशीत चहा, आणि चहा नसला तरी फुंकर. अबोली, ते दोरीसारखं लिहिलंस ना, ते वाचून त्यांची मान दिसली मला.

अबोली:
सावली 🫂 लिहिलंस ते फार बरं केलंस.

पोळपाट:
सावलीताई, डबा लागला कधी तर सांगा हो.

फुलवात:
एक सावधगिरीचं सांगते. मान दुखते म्हणून मी व्हिडिओ बघून कपालभाती सुरू केलं, आपल्या मनानं, जोरजोरात, जास्त म्हणजे चांगलं. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, वाटलं आता गेलेच. डॉक्टर म्हणाले फार जोरात आणि भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याच्या मुंग्या. मला बीपी पण आहे. मग मावशी अय्यंगारांच्या इन्स्टिट्यूटमध्ये जायची (मॉडेल कॉलनीकडचं, १९७५ पासूनचं) तिनं मला घरीच सतरंजीच्या घड्या पाठीखाली घालून नुसतं झोपवलं, डोक्याखाली वेगळी घडी, हनुवटी वर जायला नको. म्हणाली काही करू नकोस, येतोय तो श्वास बघ. वीस मिनिटांनी पात्यांमधली जागा, जी कधीच मोकळी नसायची, ती जमिनीला टेकली. ते टेकणं मी विसरणार नाही.

रात्रपाळी:
उशी किती जाड घ्यावी कुणी सांगेल का, हिंजवडीला नाइट शिफ्ट, दिवसा झोपतो, रोज मान धरून उठतो. कापसाच्या दोन आहेत.

निर्गुडी:
@रात्रपाळी कुशीवर झोपत असाल तर कान ते खांद्याचं टोक एवढी जाडी, उताणे असाल तर पातळ. दोन नकोत. पोटावर झोपणं शक्य तेवढं कमी करा, मान तासन् तास एका बाजूला राहते. आणि एक छोटा टॉवेल गुंडाळून उशीच्या खोळीत खालच्या कडेला घाला, मानेच्या खोलगट जागेखाली येईल असा. चार दिवसांनी इथेच लिहा काय झालं ते.

रात्रपाळी:
घालतो. बसमध्ये आहे, वाकडपर्यंत मान खालीच होती वाचताना, वर केली आत्ता.

अबोली:
पट्ट्याचं काय करू म्हणून मुलाला विचारलं, तो पलंगावर पोटावर पडून लॅपटॉपवर. न बोलता शेजारी बसले, त्याच्या खालच्या बरगड्यांवर मागून हात ठेवला. म्हणाला काय गं आई. म्हटलं काही नाही, गेम खेळ तू. दोन मिनिटं हाताखाली काहीच हललं नाही, मग लेव्हल संपली आणि एकदम हात वर आला माझा. "कळलं?" म्हटलं. उठून टेबलाशी बसलाय आता, किती वेळ बसतो बघू. माळा अजून अर्धा राहिलाय, येते जरा वेळानं.