कविता कुठली येणार? अंदाज आणि तयारीचे अनुभव

पेठकरीण: दहावीतल्या भाचीसाठी मराठीचा अपेक्षित प्रश्नसंच आणायला पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले होते. काउंटरवरचे काका ठामपणे म्हणाले, "यंदा मोरोपंत नक्की!" आमच्या वेळीही हेच. आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका पसरून कुठली कविता कधी आली ते मांडायचो आणि गेल्या मार्चात आलेली सरळ बाद. तुमचे अंदाज येऊ द्यात.

खोडरबर: बाद काय! ताईच्या वर्षी आलेलीच आमच्या वर्षी परत. अख्खा वर्ग ती ऑप्शनला टाकून आलेला.

झेंडूची_फुलं: संदर्भासहित स्पष्टीकरण आठवतंय का कुणाला? अर्थ लागो न लागो, कवी आणि कवितेचं नाव आधी ठोकून द्यायचं.

लाल_शाई: दहावीला मराठी शिकवते. आता प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आहे हो. दोन कविता देतात, त्यातली एक घ्यायची: कवी, विषय, ओळींचा सरळ अर्थ, आवडण्याचं किंवा न आवडण्याचं कारण. सगळ्या कवितांचा तक्ता करून ठेवला की अंदाजाची भानगडच नाही. रसग्रहणाला मात्र तक्ता पुरत नाही. आशय, काव्यसौंदर्य, भाषेची वैशिष्ट्यं, तिन्ही हवीत. "कवीने साध्या सोप्या भाषेत सुंदर विचार मांडला आहे" वाचून डोळे दुखतात.

खोडरबर: ते माझं वाक्य आहे बाई 😄 कुठल्याही कवितेला चालतं.

आजोळ: मोरोपंत आले तर आमच्याकडे दिवाळी! केकावलीतलं "सुसंगति सदा घडो" आजोबा रोज दिवेलागणीला म्हणायचे. पृथ्वी वृत्त, गण ज स ज स य ल ग. गण ओळखायचं ते यमाताराजभानसलगं सूत्र न घोकता चालीत म्हणून बघा, लघु-गुरू कानालाच कळतात. भाचीला हेच सांगा. अलंकारांत मात्र उपमा-उत्प्रेक्षेचा घोळ शेवटपर्यंत.

झेंडूची_फुलं: 'जणू', 'गमे' दिसलं की उत्प्रेक्षा. बाकी देवावर.

उशिरा_आलो: विषय काय आहे माहीत नाही, पण अप्पा बळवंतला गाडी कुठे लावलीत?

पेठकरीण: शनिवारवाड्यापाशी, जागा मिळेल असं धरून, आणि मग चालत.

उशिरा_आलो: म्हणजे तोही अंदाजच!

आजोळ: लाल_शाई, तो तक्ता इथे टाकाल का? आमच्याकडेही दहावी आहे. कुकर लावून आले.

लाल_शाई: टाकते रात्री, सराव परीक्षेचा गठ्ठा संपला की. त्यातही तेच वाक्य आहे, खोडरबर.