अँटिग्वा आणि पकाया एकाच दिवशी, आईला झेपेल का?

अमळनेरवाला: जानेवारीत कामानिमित्त ग्वाटेमाला सिटीला जातोय. सोबत आई, वय ६६, गुडघे कुरकुरतात. पकाया ज्वालामुखी आणि जुन्या राजधानीचं शहर अँटिग्वा, अशी गाईडवाली एका दिवसाची सहल घेऊ का?

भुसावळची ताई: घ्या दादा, पण आधी पकाया. सकाळी आभाळ मोकळं असतं. उंची २५५२ मीटर, पण माथ्यापर्यंत नेत नाहीत. वाट काळ्या भुसभुशीत राखेची, पाऊल टाकलं की अर्धं मागे. पायथ्याशी "टॅक्सी, टॅक्सी" ओरडत घोडेवाले मागे लागतात. मी ऐटीत नाही म्हटलं नि अर्ध्या वाटेत गुमान घोड्यावर बसले. वर तापलेल्या दगडांच्या कपारीत मार्शमॅलो भाजतात. माझ्या डोक्यात एकच: इथं बामणोदचं वांगं असतं तर काय भरीत झालं असतं!
अँटिग्वात १७७३च्या भूकंपात पडलेली चर्चं अजून तशीच आहेत. त्यापायीच १७७६ला राजधानी हलवली. रस्ते दगडगोट्यांचे, चप्पल नको.

धुळेकर: उतरताना काठी घ्या भो, गुडघे तिथंच बोलतात. काठ्या पायथ्याशी मिळतात.

अमळनेरवाला: आईला वाचून दाखवलं. म्हणते, "लग्नात तुझे बाबा बसले होते घोड्यावर, आता माझी पाळी."