पैसे घेतात म्हणून टॅक्सी कशी?

वर कोणीतरी लिहिलंय की इंग्लंडमधले, म्हाताऱ्या-आजारी लोकांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारे हे व्हॉलंटियर ड्रायव्हर मैलामागे पैसे घेतात, मग ही कसली सेवा, स्वस्तातली टॅक्सीच झाली. अजिबात पटलं नाही. ते पैसे पेट्रोल आणि गाडीच्या झिजेचे असतात, करमुक्त मर्यादा वर्षातल्या पहिल्या 10,000 मैलांना मैलाला 45 पेन्स आणि पुढे 25, आणि हा 45 चा आकडा 2011 साली ठरला, त्यानंतर पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग कुठल्या कुठे गेलं तरी वर्षानुवर्षं तो जागचा हलला नाही. यात कमाई कुठून होणार?

आमच्या शेजारच्या आजींना डोळ्यांच्या क्लिनिकला न्यायला असेच एक रिटायर्ड काका येतात. दारापर्यंत येऊन हात देतात, वॉकर घडी करून डिकीत ठेवतात, आत त्यांच्यासोबत बसून राहतात, कारण बाहुली मोठी करायचे थेंब घातले की आजींना नंतर पायरीसुद्धा नीट दिसत नाही, येताना केमिस्टकडून औषधं पण घेतात. टॅक्सीवाला एवढा वेळ थांबेल का, आणि थांबला तर बिल किती होईल!

आणि ज्यांना इथे इंग्लंडमध्ये हे काम सुरू करायचंय त्यांनी आधी आपल्या इन्शुरन्सवाल्यांना कळवा प्लीज, बऱ्याच कंपन्या फक्त खर्च घेणाऱ्या व्हॉलंटियरकडून जादा प्रीमियम घेत नाहीत, पण न सांगता गाडी काढली तर क्लेमच्या वेळी पंचाईत होऊ शकते.