मदत हवी आहे: भिंतीतला फ्लश टँक सतत वाहतोय, टाइल न फोडता दुरुस्त होतो का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात फ्लॅट आहे. एका बाथरूममध्ये भिंतीला टांगलेला कमोड, त्याची टाकी भिंतीच्या आत (कन्सिल्ड), बाहेर फक्त दोन बटणांची प्लेट. सगळं बिल्डरनेच बसवलेलं, त्यामुळे बिल किंवा वॉरंटी कार्ड काही हाताशी नाही.

फ्लश केल्यावर टाकी भरते, आवाज थांबतो, पण कमोडच्या मागच्या बाजूने करंगळीपेक्षाही बारीक धार चालूच राहते. रात्री सामसूम झाली की भिंतीतून मधूनच सूंऽऽ असा आवाज येतो, थोडं पाणी भरतं आणि परत बंद. सासूबाईंना वाटत होतं वरच्यांनी पंप लावलाय. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो हो, असं पाणी वाहताना बघवत नाही. सध्या त्या लाइनचा कॉक बंद करून बादलीवर भागवतोय.

एक प्लंबर म्हणाला, आतलं सगळं गेलंय, टाइल फोडून नवीन टाकी बसवू. तशी टाइल आता मिळणार नाही, हेही त्यानेच सांगितलं! दुसरा म्हणाला, फक्त वॉशर बदलायचाय, पार्ट आणून ठेवा. कोणता पार्ट, ते त्यालाही सांगता येईना.

प्लेट काढून टाकीत खाण्याचा हिरवा रंग टाकून पाहिला. फ्लश न करता अर्ध्या तासात कमोडमध्ये हिरवं पाणी. आता पुढे काय? कुणी हे घरी केलंय का?

प्रतिसाद:
ताई, टाइलला हात लावू देऊ नका. कन्सिल्ड टाकीचे आतले भाग प्लेटच्या चौकोनातूनच बाहेर निघतात, तशीच रचना असते. टाकीलाच तडा असेल किंवा भिंतीतला पाइप गळत असेल तरच फोडाफोड. खालच्यांच्या छताला ओल आलीय का, तेवढं विचारा.

रंगावरून पाणी कमोडमध्ये उतरतंय हे कळलं, कुठून ते नाही. टाकी भरली की कॉक बंद करा, टॉर्चने बघून पातळीपाशी पेन्सिलने खूण करा. पाणी खुणेखाली गेलं तर तळाचा सील खराब. कॉक चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत (जादा पाणी कमोडमध्ये सोडणारी उभी नळी) पडत असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा भाग, खराब. तुमचा आवाज मधूनच येतो, म्हणून मला सीलचाच संशय आहे. फ्लोट गेला की पाणी भरायचं थांबतच नाही.

धागाकर्ती:
रात्री खूण केली होती, सकाळी पाणी चांगलं दोन बोटं खाली. नळीत काही पडत नाही. खालच्यांकडे ओल नाही, विचारून आले.

प्रतिसाद:
मग सीलच. कॉक बंद करून फ्लश दाबा, टाकी रिकामी होऊ द्या. आतलं झाकण काढा, बटणांच्या दांड्या असलेला भाग सोडवा, मग मधला उभा फ्लश व्हॉल्व्ह वर खेचून निघतो. काही मॉडेलमध्ये आधी थोडा डावीकडे फिरवावा लागतो. जोर लावू नका, प्लॅस्टिकचे खटके तुटतात. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा, बसवताना उपयोगी पडतात. आणि स्क्रू टाकीत पडले की मासेमारी करत बसावं लागतं, म्हणून खाली फडकं धरा.

व्हॉल्व्हच्या बुडाला जी रबरी चकती आहे तोच सील. बोअर-टँकरच्या पाण्याने त्यावर आणि तो जिथे टेकतो त्या कडेवर पांढरा थर बसतो. चकती मऊ असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवून, कड फडक्याने पुसून तशीच बसवून बघा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं. सुरीने खरवडू नका, ओरखडा पडला की गळती कायमची. चकती कडक किंवा वाकडी झाली असेल तर तीच घेऊन दुकानात जा. कंपनीचं नाव बहुतेक प्लेटच्या मागे किंवा टाकीच्या आत सापडेल. टाकीत निळ्या गोळ्या टाकत असाल तर बंद करा, त्यांनी रबर लवकर जातं.

धागाकर्ती:
खूप आभार! रविवारी उघडतो. एकच शंका, नवीन सीलला व्हॅसलीन लावू का? दुकानदार लाव म्हणतोय.

प्रतिसाद:
नको, व्हॅसलीनने रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकाएवढंच.