पानाच्या शिरांतला काळेपणा राहू द्यावा

चांदीची जुनी पदके (गळ्यातली पेंडंट) ॲल्युमिनियम फॉइल आणि खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात उजळावीत, हा सल्ला गुळगुळीत दागिन्यांपुरता योग्य आहे. परंतु पान, पीस किंवा फुलपाखरू कोरलेल्या पदकात शिरांमधला काळेपणा बहुधा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. तोही सिल्व्हर सल्फाइडच (चांदी आणि गंधक यांचे काळे संयुग) असल्यामुळे सोड्याचे पाणी त्याच्यात आणि नंतर चढलेल्या काळपटपणात भेद करत नाही, आणि नक्षी सपाट दिसू लागते. मऊ सुती कापडाने फक्त उंचवटे पुसावेत.

पुण्याच्या जुन्या बाजारात पदक घेताना ९२५ चा (म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा) शिक्का आपण पाहतोच, पण माझ्या मते त्याआधी वरची कडी पाहावी, कारण साखळी घासून ती आतून अनेकदा तारेइतकी बारीक झालेली असते. सराफाकडून ती बदलून घेता येते. शिरांमधला मूळ काळेपणा मात्र एकदा गेला की तसाच परत येत नाही.