पाणी नितळ म्हणजे चांगलं नव्हे
खाणीखालच्या नदीचं पाणी नितळ दिसतंय, म्हणजे शेतीला चालेल, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, त्यात धातू विरघळतात, आणि विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही. पुढे आम्लता उतरली की लोह साका होऊन बसतं. दगडांवरचा तो बुळबुळीत केशरी थर म्हणजे तेच.

अमेरिकेत ऑगस्ट २०१५मध्ये गोल्ड किंग खाणीतलं सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी फुटून ॲनिमस नदीत गेलं. राफ्टिंग काही दिवस थांबलं. खालच्या भागातल्या नावाहो या मूलनिवासी जमातीच्या शेतकऱ्यांना तर ऐन हंगामात पाटाचं पाणी बंद करावं लागलं. तिथे निदान पाण्याचा पिवळा-केशरी रंग तरी दिसला!

चुना टाकून सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) सुधारला तरी त्या गंधकापासून झालेलं सल्फेट बऱ्याच अंशी पाण्यात राहतंच. त्यामुळे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण आणि धातूही तपासून घ्या.